जामीनदाराचं घर आधी का? बँकेची ६० दिवसांची नोटीस आलीय, धारवाडला हायकोर्टात जावं की डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात)?

शहापूरचा_पोरगा :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहूलालो, लांबलं तर सांभाळून घ्या. बाबांनी सात वर्षांमागं त्यांच्या मित्राच्या कर्जाला आमचं बेळगावच्या शहापूरचं घर तारण दिलं, जामीनदार म्हणून. मित्र म्हणजे घरातलाच माणूस, उद्यमबागेत कास्टिंगचं मशिनिंग करायचे, चांगलं चाललं होतं, नंतर ऑर्डरी तुटल्या, हप्ते थकले. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, त्यांनीही नाही आणि बँकेनंही नाही. गेल्या महिन्यात रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं, आत सगळं इंग्रजी आणि एक पान कन्नड, बाबांना दोन्ही नीट वाचता येत नाही, त्यांनी ते देवघरातल्या कपाटात ठेवलं आणि मला आठ दिवसांनी सांगितलं. त्यात ४१ लाख ६० दिवसांत भरा, नाहीतर सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा बँकांचा कायदा) १३(४) खाली कारवाई करू असं आहे. आज ३८वा दिवस.

माझा प्रश्न सरळ आहे. मित्राची शेड तारण आहे, मशीनरी तारण आहे, ते सोडून आमच्या घराच्या मागं का लागलेत? आधी कर्जदाराचं विका, उरलं तर जामीनदाराकडं या, असा काही नियम नाही का? काका म्हणूलालेत की सरळ धारवाडला रिट, म्हणजे हायकोर्टात थेट अर्ज, टाक, पहिल्याच दिवशी स्टे मिळतो, त्यांच्या ओळखीच्या एकाला मिळालाय. आई तर रोज एकदा विचारते की घर आपल्या नावावर करून घेतलं तर चालेल का. काय करावं कळेना झालंय.

निवृत्त_शाखाधिकारी :

आईंना आधी सांगा, घर कुणाच्याही नावावर करायचं नाही. बक्षीसपत्र नाही, वाटणीपत्र नाही, काही नाही. १३(२) ची, म्हणजे ही ६० दिवसांची, नोटीस मिळाली की १३(१३) प्रमाणं बँकेच्या लेखी परवानगीशिवाय ती मालमत्ता विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, दुसऱ्या कुठल्याही प्रकारे हस्तांतर करता येत नाही. असं केलेलं कागद नंतर तुमच्याच विरुद्ध दाखवतात, माणूस लबाड आहे म्हणून.

दुसरं, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, वसुली खात्यातही होतो, म्हणून खरं ते सांगतो, कडू वाटेल. बँक घराकडं आधी का येते? कारण घराला गिऱ्हाईक आहे. जुन्या शेडला कुणी विचारत नाही, वापरलेल्या लेथ आणि मिलिंग मशीन भंगाराच्या भावात जातात, लिलाव तीन तीन वेळा फेल जातो. शहापुरातलं राहतं घर मात्र पहिल्या नाहीतर दुसऱ्या लिलावात उठतं. अधिकाऱ्याला वसुलीचा आकडा दाखवायचा असतो, त्याचं तुमच्याशी वैर नसतं. आणि ते पैसे ठेवीदारांचेच असतात हेही ध्यानात ठेवा, आपल्या भागात बुडलेल्या संस्थांच्या दारात म्हातारी माणसं पासबुक घेऊन उभी राहिलेली मी बघितलीत.

काका आता सांगूलालेत ते तुम्ही ऐकू नका. बाकी कायद्याचं वकिलांनी सांगावं.

कोर्टरोड :

वकिली करतो, पण इथं लिहितोय तो सल्ला म्हणून धरू नका, कागद बघितल्याशिवाय कुणाचंच ऐकू नका.

"आधी कर्जदार, मग जामीनदार" हा प्रश्न सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय, आणि निकाल तुमच्या मनासारखा नाही. युनायटेड बँक ऑफ इंडिया विरुद्ध सत्यवती टंडन, २६ जुलै २०१०. त्या बाई जामीनदारच होत्या, मालमत्ता त्यांची, कर्ज दुसऱ्याचं. अलाहाबाद हायकोर्टानं म्हटलं होतं की बँकेनं आधी कर्जदाराकडून वसूल करावं. सुप्रीम कोर्टानं ते उलटवलं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, त्याच्या मागची नाही तर त्याच्या बरोबरीची, करारात वेगळं लिहिलं असेल तरच वेगळं. सरफेसी कायद्याचं १३(११) सुद्धा तेच बोलतं. त्याच निकालात हायकोर्टांना स्पष्ट शब्दांत सांगितलं की कलम १७ खाली डीआरटीचा उपाय असताना रिटमध्ये हात घालून वसुली थांबवू नका.

"दुसरा मार्ग असताना इकडं का आलात" हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी चालतो, पण सारखा चालत नाही. बँकेला एकाच वेळी दोन मार्ग चालतात, डीआरटीत दावा पण आणि सरफेसीखाली ताबा पण, ट्रान्सकोरच्या २००६ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की एक निवडलं म्हणून दुसरं बंद होत नाही. लवादाचा करार असला तरीही सरफेसी चालतं, एम. डी. फ्रोझन फूड्स, २०१७. कर्जदाराला आणि जामीनदाराला मात्र "तुमच्यापुढं डीआरटी आहे ना, तिकडं जा" म्हणतात. मला स्वतःला हे बरोबर वाटत नाही, पण कायदा आज असा आहे आणि घर वाचवायचं असेल तर असाच धरून चालायला हवं.

उद्यमबाग_टर्नर :

रिटचं मी भोगलंय म्हणून लिहितो, दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये.

माझ्या वर्कशॉपवर ताब्याची नोटीस चिकटवली. मला पण असंच कुणीतरी सांगितलं, धारवाड ८० किलोमीटर, सकाळी गाडी काढली की दहाला पोचतोस, बेंगळुरूला कोण जातंय. तारीख लागायला, कागद जमवायला, नोटरी, फी, सगळं करून केस बोर्डावर आली तेव्हा सदतीस दिवस झाले होते. कोर्टात पाच मिनिटं पण नाही लागली. समोरच्या वकिलांनी दोन निकाल काढून दिले, न्यायमूर्तींनी आमच्या वकिलांना विचारलं डीआरटीत का गेला नाही, उत्तर नव्हतं. पिटिशन निकाली, डीआरटीकडं जायची मुभा. मुभा म्हणजे काय ते मला घरी आल्यावर कळलं, म्हणजे काहीच मिळालं नाही. ऑर्डरची कॉपी हातात यायला आणि बेंगळुरूचा वकील शोधायला आणखी दोन आठवडे, तोवर ४५ दिवस उलटले होते.

मग उशीर माफीचा अर्ज, त्यावरच तीन तारखा. शेवटी लिलावाची नोटीस निघाली तेव्हा तिच्यावर नवीन अर्ज घातला आणि त्यात अंतरिम दिलासा मिळाला तो पण थकबाकीचा चौथा हिस्सा दोन टप्प्यांत भरायच्या अटीवर. बायकोचा गणेशपूरचा प्लॉट विकला. वर्कशॉप राहिलं, प्लॉट गेला. पहिल्याच महिन्यात नीट रस्ता धरला असता तर कदाचित प्लॉट विकायची वेळ आली नसती, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

वडगाव_मागवाली :

दादा वाचून पोटात कालवलं. आमच्या घरी खाली सहा माग आणि वर आम्ही राहतो. आमच्या दारावर ती नोटीस चिकटवायला आले तेव्हा शेजारपाजारचे सगळे बाहेर येऊन उभे, सासूबाई रडायला लागल्या, त्यांना वाटलं आत्ताच बाहेर काढणार. नंतर कळलं की ते नुसतं कागदावरचं होतं, म्हणजे त्याला काहीतरी शब्द आहे. हे कुणी समजावून सांगाल का, ताबा घेतला म्हणजे नेमकं काय, आणि किती दिवसांत काय होतं? आणि पेपरातली जाहिरात आम्ही बघितलीच नाही, आमच्याकडं मराठी पेपर येतो, ती आली होती कन्नड आणि इंग्रजी पेपरात. आम्हाला लोकांनी सांगितलं तेव्हा कळलं.

कोर्टरोड :

वहिनी, बरं झालं विचारलंत, सगळा गोंधळ इथंच होतो.

पहिली १३(२) ची नोटीस, ६० दिवस. ही मागणी नोटीस, हिच्यावर डीआरटीत जाता येत नाही. पण ह्या ६० दिवसांत बँकेला लेखी हरकत देता येते, १३(३अ), आणि बँकेनं हरकत मिळाल्यापासून १५ दिवसांत, मान्य नसेल तर कारणांसह, उत्तर द्यायलाच हवं. लोक हे पत्र लिहितच नाहीत. पुढं डीआरटीत पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही तेव्हा काय म्हणालात.

६० दिवस संपले की १३(४). बहुतेक वेळा आधी प्रतीकात्मक ताबा, म्हणजे दारावर नोटीस, तुम्ही आतच राहता. ती नोटीस सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत यायला हवी, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं आणि त्या भागात पुरेसा खप असलेलं. नियमात "कन्नड" असं लिहिलेलं नाही, "त्या परिसरात पुरेसा खप" असं आहे. आपल्या शहापूर, वडगावसारख्या भागात मराठी पेपर घरोघर जातो, त्यामुळं हा मुद्दा मांडण्यासारखा आहे. पण हातात नोटीस मिळाली असेल आणि दारावरही लागली असेल तर निव्वळ पेपरच्या भाषेवर कारवाई रद्द होईल अशी आशा धरू नका.

प्रतीकात्मक ताबा मिळाला की लगेच कलम १७ खाली डीआरटीत जाता येतं. आधी काही हायकोर्टं म्हणायची प्रत्यक्ष ताबा जाईपर्यंत थांबा, ते २०१८ मध्ये हिंडन फोर्जच्या निकालानं मिटलं. मुदत ४५ दिवस, ती ताब्याच्या तारखेपासून. मग प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली डीसी (जिल्हाधिकारी) साहेबांकडं किंवा चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटकडं जाते. तिथं तुमची बाजू ऐकायची तरतूद नाही, ते फक्त बँकेचं शपथपत्र तपासतात आणि ऑर्डर देतात, म्हणून डीसी ऑफिसच्या पायऱ्या झिजवून उपयोग नाही. लोक आमदारांचं पत्र घेऊन जातात, काही होत नाही. त्यानंतर विक्रीची नोटीस, पहिल्या विक्रीला ३० दिवसांची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वी विक्री होईपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता यायची. २०१६ च्या दुरुस्तीनं १३(८) बदललं, आता लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच. २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे पक्कं केलं, नोटीस प्रसिद्ध झाल्यावर पूर्ण रक्कम घेऊन गेलं तरी सोडवायचा हक्क राहत नाही. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावणारी माणसं मी बघितलीत.

खानापूर_रान :

सगळं खरं असेल वकील साहेब पण मला एक सांगा, डीआरटी कुठं आहे? बेंगळुरूत. खानापुरातल्या माणसानं रात्रीची रेल्वे पकडायची, सकाळी उतरायचं, तारीख पुढं ढकलली ऐकायचं आणि परत यायचं. अपील करायचं तर चेन्नई. आणि चेन्नईत अपील ऐकून घ्यायलाच आधी निम्मी रक्कम भरा, फार तर पाव हिस्स्यापर्यंत कमी करतात. ज्याच्याकडं हप्ता भरायला पैसे नाहीत त्याला हे म्हणायचं की तुला उपाय उपलब्ध आहे! ५०० किलोमीटरवरचा उपाय हा उपाय असतो काय? धारवाडला बेंच आणायला ह्या भागातल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं, २००८ ला सर्किट बेंच आणि २०१३ ला कायम बेंच मिळालं, ते कशासाठी मग? गरीब माणसाला जवळ न्याय मिळावा म्हणूनच ना.

आणि ट्रायब्युनलच्या खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा काय? महिनोन्महिने माणूसच नसतो.

कोर्टरोड :

तुमचा राग रास्त आहे, मी त्याच्याशी वाद घालणार नाही. दोन गोष्टी फक्त सांगतो. पहिली, डीआरटीत पहिल्या अर्जाला पैसे भरायची अट नाही. २००२ च्या कायद्यात होती, ७५ टक्के भरा मगच ऐकू अशी, ती मार्डिया केमिकल्सच्या निकालात सुप्रीम कोर्टानं ८ एप्रिल २००४ ला मनमानी म्हणून रद्द केली. आज फक्त फी आहे. ट्रायब्युनल स्टे देताना रक्कम भरायला सांगतं ते वेगळं. दुसरी, आता ई-फायलिंग आहे, सुनावणी बरेचदा व्हिडिओवर होते, प्रत्येक तारखेला जावं लागत नाही.

रिकाम्या खुर्च्यांचं म्हणाल तर डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानंच हायकोर्टांना विनंती केली होती की ट्रायब्युनलं चालत नाहीत तोवर असे अर्ज तुम्ही ऐका. म्हणजे दार कायमचं बंद नाही. अधिकारच नसताना कारवाई केली, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवला, कायद्याच्या वैधतेलाच आव्हान आहे, अशा वेळी रिट चालतं, व्हर्लपूलच्या १९९८ च्या निकालापासून हे ठरलेलं आहे. पण "माझं घर आधी का" हा त्यात बसत नाही. २०२२ च्या जानेवारीत फिनिक्स एआरसी विरुद्ध विश्व भारती विद्या मंदिर हा तर आपल्या कर्नाटक हायकोर्टातूनच वर गेलेला खटला, तिथं हायकोर्टानं ताबा जैसे थे ठेवायला सांगितलं होतं, सुप्रीम कोर्टानं रिटच चालत नाही म्हणून काढून टाकलं. त्यानंतर २०२३ ला साउथ इंडियन बँकेच्या प्रकरणात पुन्हा तेच. आता धारवाडला न्यायमूर्तींचे हात बांधलेले आहेत असं समजा.

खानापूर_रान :

बरं ते सोडा. माझ्या चुलत्यांनी काजूची बाग तारण दिलीय, उताऱ्यावर शेतीच आहे. त्यावर हे सरफेसी चालतं का?

कोर्टरोड :

कलम ३१(आय) प्रमाणं शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागू नाही. पण नुसता पहाणी उतारा पुरत नाही. आयटीसी विरुद्ध ब्लू कोस्ट हॉटेल्स, २०१८, तिथं उताऱ्यावर शेती होती पण जमीन हॉटेल प्रकल्पासाठी घेतलेली, कोर्टानं शेतजमीन मानली नाही. प्रत्यक्षात पीक घेताय का, तारण देताना काय म्हणून दिली, एनए (बिगरशेती) केलीय का, हे सगळं बघतात, आणि शेतीच आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. चुलत्यांची बाग जिवंत असेल, बी विकल्याच्या पावत्या असतील तर त्या जपून ठेवायला सांगा, नोटीस आली तर १३(३अ) च्या हरकतीत पहिल्याच ओळीत हे लिहायचं. आणि सरफेसी लागत नाही म्हणजे कर्ज माफ झालं असं नाही, २० लाखांवर असेल तर बँक डीआरटीत दावा करील, खाली असेल तर दिवाणी कोर्टात.

निपाणीकर :

आमच्याकडं बँकेपेक्षा सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी संस्था) आणि पतसंस्थांचीच कर्जं जास्त. तंबाखूचं पीक यायच्या आधी सगळे तिथूनच घेतात. त्यांच्याकडून नोटीस आली तर हेच सगळं लागू का? गावात एका सौहार्दवाल्यानं "सरफेसी लावतो" म्हणून धमकी दिली होती.

कोर्टरोड :

नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. सहकारी बँक, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली, तिला सरफेसी चालतं. हे ज्या खटल्यात ठरलं तो तुमच्या शेजारचाच, पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक, ५ मे २०२०, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. पण सौहार्द, क्रेडिट सोसायटी, पतसंस्था ह्या बँका नाहीत, त्यांना सरफेसी नाही. त्यांना सहकार कायद्याच्या रस्त्यानं जावं लागतं, मल्टिस्टेट असेल तर कलम ८४ खाली लवाद. लवादाचा निवाडा झाला तर त्याला जिल्हा न्यायालयात आव्हान द्यायची मुदत तीन महिने, तिथंही लोक नोटीस न उघडता ठेवतात आणि नंतर घरावर जप्तीचा वॉरंट येतो. सौहार्दवाल्याला विचारायचं, तुमचा बँकिंग परवाना दाखवा. फायनान्स कंपन्यांचं आणखी वेगळं, १०० कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या कंपन्यांना आणि २० लाख किंवा त्याहून जास्त कर्जालाच सरफेसी वापरता येतं.

चंदगडी :

माझं उलटं आहे. जागा चंदगड तालुक्यात, कर्ज बेळगावच्या शाखेतून. मग मी बेंगळुरूला जायचं की पुण्याला? कोल्हापूरला आता बेंच झालंय ते पण ऐकूलोय.

कोर्टरोड :

कलम १७(१अ). तारण मालमत्ता जिथं आहे तिथल्या किंवा कर्जखातं ज्या शाखेत आहे तिथल्या डीआरटीत जाता येतं. म्हणजे तुम्हाला पुणे पण चालेल. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून आहे, पण ते मुंबई हायकोर्टाचं, तिथं रिटला वर सांगितलेलं सगळं तसंच लागू.

निवृत्त_शाखाधिकारी :

शहापूरच्या मुलाला एक सांगायचं राहिलं होतं, दोन दिवस डोक्यात घोळतंय. जामीनदाराची जबाबदारी बरोबरीची हे खरं, पण जामीनदाराला हक्क पण आहेत आणि ते कुणी सांगत नाही. करार कायदा कलम १४१. बँकेकडं कर्जदाराचं जे तारण होतं त्यातलं काही बँकेनं जामीनदाराला न विचारता सोडून दिलं किंवा घालवलं, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार मोकळा. कलम १३३ आहे, जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो सुटतो. मी स्वतः असे जामीनपत्राचे फॉर्म भरून घेतलेत, बारीक अक्षरात ह्या हक्कांवर पाणी सोडल्याचं कलम बहुतेक छापलेलं असतं, म्हणून जामीनपत्राची प्रत मागून घ्या आणि नीट वाचा. मशीनरी आज जागेवर आहे का तेही बघून या. आणि शेवटी पैसे भरावेच लागले तर कलम १४० खाली बँकेचे सगळे हक्क बाबांकडं येतात, शेडवरचा हक्क सुद्धा, ते लेखी घेतल्याशिवाय एक रुपया भरू नका.

एकरकमी तडजोडीसाठी अर्ज करा पण ती मिळालीच पाहिजे असं कोर्ट सांगू शकत नाही, बिजनौर अर्बन सहकारी बँकेच्या २०२१ च्या निकालात ते झालंय.

उद्यमबाग_टर्नर :

मशीनचं अण्णा बरोबर सांगूलालेत. कुठली शेड ते मला मेसेजमध्ये कळव, मी रोज त्याच रस्त्यानं जातो.

शहापूरचा_पोरगा :

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तीन आठवड्यांनी लिहूलालो, तोवर काय झालं ते सांगतो.

त्या रात्रीच बसून हरकत लिहिली, वकिलांना दाखवली, ४४व्या दिवशी बँकेत नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला, रजिस्टर पोस्टानं पण पाठवली. खात्याचा पूर्ण उतारा मागितला, खातं एनपीए (थकीत) कुठल्या तारखेला केलं, दंडव्याज किती लावलं, जामीनपत्राची प्रत, आणि मशीनरीची आजची यादी.

टर्नर दादांबरोबर शेडवर गेलो. कर्जाच्या कागदात चार मोठी मशीन आहेत. आत दोनच होती. बाकी दोनचे नुसते फाउंडेशनचे बोल्ट होते जमिनीत. बाबा तिथंच खाली बसले. त्यांच्या मित्रांनी मान खाली घालून सांगितलं की २०२२ मध्ये विकली, बँकेचं पत्र होतं, पैसे कर्जात भरले म्हणाले, पण किती भरले आणि कशात विकली ते आठवत नाही म्हणाले. बाबांना ह्यातलं काही विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांची दोस्ती, येताना रिक्षात बाबा एक शब्द बोलले नाहीत.

बँकेचं उत्तर बाराव्या दिवशी आलं. हरकत फेटाळलीय, पण दोन मशीन "कर्जदाराच्या विनंतीवरून मुक्त केली" हे त्यात लिहिलंय. जामीनपत्राची प्रत पण दिली, त्यात हक्क सोडल्याचं कलम आहेच. वकील म्हणाले तरी मुद्दा मांडायचा, त्या कलमाचा अर्थ काय लावायचा ते ट्रायब्युनल बघेल, आणि मशीनच्या विक्रीची रक्कम खात्यात पूर्ण जमा दिसत नाही तो वेगळा मुद्दा आहे. अर्ज तयार करून ठेवलाय, ताब्याची नोटीस लागली की त्याच आठवड्यात बेंगळुरूला फाइल करायचा. काका अजून धारवाडच म्हणतात, त्यांना हा धागा वाचून दाखवला.

निवृत्त_शाखाधिकारी :

मशीन विकल्याची पावती, जीएसटीचं बिल, काहीतरी मित्राकडं असणारच. त्यांच्या अकाउंटंटकडं विचारा. २०२२ चं खातं त्यांनी बंद केलं असेल तर त्यात विक्री दाखवलेली असेल.

शहापूरचा_पोरगा :

होय अण्णा, उद्या सकाळी बाबाच जातो म्हणालेत त्यांच्याकडं. मी बरोबर येतो म्हणालो तर नको म्हणाले, मी एकटाच जातो.